काराबाखच्या लेखाला हात लावण्याआधी

ऑक्टोबर २०२०. अर्मेनिया आणि अझरबैजान ज्यावरून भांडतात त्या काराबाखमध्ये युद्ध पेटलं होतं आणि मी घरी बसून इंग्रजी विकिपीडियावर एका छायाचित्राखालच्या ओळीत एकच अक्षर बदललं. ‘शुशी’चं ‘शुशा’ केलं. लेखात बाकी सगळीकडे ‘शुशा’ होतं, म्हटलं एकसारखं असावं. चहा टाकून येईपर्यंत माझा बदल उलटवलेला, म्हणजे कुणीतरी पुसून पूर्वीसारखं केलेलं. मी पुन्हा केला, तो पुन्हा उलटला. तिसऱ्यांदा केला तेव्हा माझ्या चर्चा पानावर (प्रत्येक सदस्याला आणि लेखाला बोलण्यासाठी असलेलं जोडपान) एक मोठी चौकट येऊन बसली: हा विषय वादग्रस्त म्हणून जाहीर झालेला आहे, इथे वेगळे नियम लागतात, वगैरे. मराठी विकिपीडियावर इतकी वर्षं काढलेला माणूस मी. शुद्धलेखन नीट केलं म्हणून कुणी तंबी देईल असं वाटलंच नव्हतं.

अर्मेनियन लोक त्या गावाला शुशी म्हणतात आणि अझरबैजानी शुशा, हे मला ठाऊक नव्हतं. ८ ऑक्टोबरला त्याच गावातल्या गझानचेत्सोत्स कॅथीड्रलवर मारा झाला होता. छायाचित्र त्या कॅथीड्रलचंच होतं. मी नेमक्या त्या आठवड्यात, नेमक्या त्या चित्राखाली गावाचं नाव बदलत बसलो होतो.

पुढे त्या विषयात मी मुक्काम ठोकला नाही, पण अधूनमधून जात राहिलो. काय करावं, काय टाळावं हे बरंचसं मार खाऊनच कळलं. मराठीत हात बसलेले आणि आता इंग्रजीत किंवा अनुवादाच्या निमित्ताने असल्या पेटत्या विषयांत शिरू पाहणारे नवे संपादक विचारतात, ‘सुरुवात कुठून करू?’ त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण एकच धरलंय, अर्मेनिया आणि अझरबैजानचं. इस्रायल-पॅलेस्टाइन घ्या, श्रीलंका घ्या, बाल्कन घ्या, भांडणाची तऱ्हा फारशी बदलत नाही.

आधी नकाशा, मग माउस

विषय निदान दोन-चार दिवस वाचा. थोडक्यात सांगतो. नागोर्नो-काराबाख हा दक्षिण कॉकेशसमधला डोंगराळ भाग. १९२३ मध्ये सोव्हिएत राजवटीने तो स्वायत्त प्रदेश म्हणून अझरबैजानमध्ये ठेवला, पण वस्ती बहुसंख्य अर्मेनियनांची. फेब्रुवारी १९८८ मध्ये तिथल्या प्रादेशिक सोव्हिएतने ‘आम्हाला अर्मेनियाला जोडा’ असा ठराव केला. त्याच महिन्याच्या अखेरीस अझरबैजानमधल्या सुमगाइत शहरात अर्मेनियनांवर हल्ले झाले. सोव्हिएत संघ फुटल्यावर उघड युद्ध झालं. मे १९९४ ला शस्त्रसंधी झाली तेव्हा काराबाख आणि त्याच्या भोवतालचा मोठा मुलूख अर्मेनियन फौजांकडे होता. २७ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२० या ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानने त्यातला बराच भाग परत मिळवला.

‘परत मिळवला’ हे शब्द मी आत्ता सहज लिहून गेलो. लेखात लिहिले असते तर अर्मेनियन बाजूच्या संपादकाने तासाभरात ते काढून ‘काबीज केला’ घातलं असतं, आणि अझरबैजानी बाजूच्याने ते खोडून ‘मुक्त केला’. मग चर्चा पानावर तीन दिवस एका क्रियापदाचा कीस पडला असता. या विषयात असंच चालतं.

उरलेलं लवकर सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने दोन दिवसांची लष्करी मोहीम काढली, एक लाखाहून अधिक अर्मेनियन काराबाख सोडून अर्मेनियात गेले आणि तिथलं मान्यता नसलेलं प्रजासत्ताक १ जानेवारी २०२४ पासून विसर्जित झालं. जमिनीवर बहुतेक गोष्टी संपल्या. विकिपीडियावर संपल्या नाहीत.

याच टप्प्यावर स्वतःकडेही जरा बघून घ्या. तुर्कस्तान आणि पाकिस्तान अझरबैजानच्या बाजूचे, भारताने अर्मेनियाला शस्त्रं विकलेली. त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच जणांचं मत लेख उघडण्याआधीच ठरलेलं असतं. मत असू द्या, कुणी काढून घेत नाही. पण ‘मी तर तिऱ्हाईत’ असं म्हणत आत शिरू नका. समोरचे तुमचं सदस्य पान आणि जुनी संपादनं पाहून पाच मिनिटांत ओळखतात.

दारावरचा पहारा

इंग्रजी विकिपीडियाची एक निवडून आलेली लवाद समिती आहे. लेखात काय लिहावं याचा निवाडा ती देत नाही, संपादकांच्या वागण्याचा देते. अर्मेनिया-अझरबैजानचं प्रकरण तिच्यापुढे २००७ मध्ये दोनदा आलं आणि २०२३ मध्ये तिसऱ्यांदा. एवढ्या वर्षांत या विषयाभोवती जे कुंपण उभं राहिलं, ते नव्या माणसाला आधी आपटतं. निदान ५०० संपादनं आणि ३० दिवसांचं खातं असल्याशिवाय या दोन देशांच्या संघर्षाशी निगडित लेखात तुम्ही थेट बदल करू शकत नाही. चर्चा पानावरही तेवढ्या काळात फक्त बदलाची विनंती करायची मुभा, वादात उतरायची नाही.

इथे आपली मराठी मंडळी हमखास फसतात. मराठी विकिपीडियावर तुमची दहा हजार संपादनं असतील, इंग्रजीत ती मोजत नाहीत. प्रत्येक भाषेची वही वेगळी. आणि ५०० चा आकडा गाठायला स्वल्पविराम घाल, काढ, परत घाल, असं करू नका. तसं करणाऱ्यांचा अधिकार काढून घेतलेला मी पाहिलाय, वर नावाला कायमचा डाग. त्यापेक्षा आपल्या तालुक्याचे, नद्यांचे, जुन्या नाट्यगृहांचे इंग्रजी लेख काय अवस्थेत आहेत ते बघा. ५०० कधी झाली कळणार नाही.

कुंपण किती लांब जातं याचाही अंदाज घ्या. नियमाचे शब्द ‘व्यापक अर्थाने’ लावले जातात. लवाशचंच बघा. ही पातळ रोटी युनेस्कोने २०१४ मध्ये अर्मेनियाच्या नावाने वारसा यादीत घेतली, आणि २०१६ मध्ये अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान व तुर्कस्तान यांच्या नावाने तशाच रोटीची दुसरी नोंद झाली. रोटी कुणाची या वादात माणसांवर बंदी येऊ शकते. बाराव्या शतकातला फारसीत लिहिणारा कवी निजामी गंजवी कोणाचा, यावर तर इतकं लिहिलं गेलंय की त्याच्या काव्यापेक्षा ते जास्त भरेल. तेव्हा ‘मी फक्त पाककृतीच्या लेखात होतो’ ही सबब चालत नाही.

ती चौकट तुमच्या पानावर आली तर घाबरू नका. ती शिक्षा नाही. ‘तुम्हाला नियम सांगितले’ याची ती पोचपावती. मात्र पुढे काही घडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ हे दार बंद झालेलं असतं.

उलटवण्याची मोजदाद आधीच पाठ करा. कुठल्याही लेखात २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की प्रतिबंध लागू शकतो. काही लेखांवर एकच वेळ चालते. आणि तीन हा काही कोटा नाही. रोज हिशेबाने तीन-तीन उलटवणारेही संपादन युद्धाखाली धरले जातात.

चर्चा पानाचं तळघर

लेख वाचून झाला की त्याचं चर्चा पान उघडा. वरवरचं नाही, खालचं तळघर, म्हणजे जुन्या चर्चांचे संग्रह. त्यात शोधायची चौकट असते. तुम्हाला जो शब्द खटकलाय तो तिथे टाका. दहापैकी आठ वेळा असं दिसेल की तुमचाच मुद्दा २०११ मध्ये कुणीतरी मांडला, २०१६ मध्ये परत निघाला, २०२० मध्ये त्यावर महिनाभर जाहीर मतं मागवली गेली आणि शेवटी एका त्रयस्थ संपादकाने सगळं वाचून निष्कर्ष लिहिला. तो निष्कर्ष म्हणजे सध्याची सहमती. तो तुम्हाला पटो न पटो, तिथून पुढे बोलायचं. तो न वाचता तोच मुद्दा नव्याने मांडला तर समोरचे उत्तरसुद्धा देत नाहीत, नुसता दुवा चिकटवतात.

गावांच्या नावांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. काराबाखच्या राजधानीचं अर्मेनियन नाव स्तेपानाकेर्त, १९२३ मध्ये बोल्शेविक नेता स्तेपान शाउम्यान याच्यावरून दिलेलं. अझरबैजानी नाव खानकेंदी. लेखाचं शीर्षक काय असावं हे कुणाचा हक्क खरा यावर ठरत नाही. विश्वासार्ह इंग्रजी लिखाणात आज कोणतं नाव जास्त चालतं, यावर ठरतं. ‘कीव’चं शीर्षक युक्रेनियन उच्चाराप्रमाणे ‘क्यिव’ झालं ते सप्टेंबर २०२० मध्ये, कित्येक वर्षांच्या मागण्या फेटाळल्या गेल्यानंतर.

जुना एक तोडगा मला फार आवडतो. पोलंडमधलं ग्दान्स्क, जर्मनांचं दांझिग. दोन्हीकडचे संपादक या नावावरून थकेपर्यंत भांडले आणि शेवटी २००५ मध्ये मतदान झालं. ठरलं ते असं: १३०८ पूर्वीच्या इतिहासात ग्दान्स्क, १३०८ ते १९४५ दांझिग, नंतर पुन्हा ग्दान्स्क. कुणीच खूश झालं नाही, पण भांडण आटोक्यात आलं. नाव काळाप्रमाणे बदलायचं ही युक्ती तिथून उचलण्यासारखी आहे.

वाद वाक्यापुरता ठेवा

या सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. काराबाख कुणाचं, हे तुम्हाला ठरवायचं नाहीये. एक वाक्य ठरवायचंय. चर्चा ‘अर्मेनियन प्रचार’ किंवा ‘बाकूचे (अझरबैजानच्या राजधानीचे) पगारी लोक’ इथपर्यंत गेली की तुम्ही हरलात, मग बाजू कितीही खरी असो. चर्चा ‘तिसऱ्या परिच्छेदातलं दुसरं वाक्य’ इथे धरून ठेवली तर काहीतरी हाती लागतं.

हे प्रत्यक्ष करून बघू. विषय अवघड आहे, मुद्दाम घेतलाय. खोजाली हे स्तेपानाकेर्तजवळचं अझरबैजानी वस्तीचं गाव. २५-२६ फेब्रुवारी १९९२ च्या रात्री अर्मेनियन फौजांनी ते घेतलं आणि अग्दाम शहराकडे पळणारे गावकरी मोठ्या संख्येने मारले गेले. नवा संपादक तावातावाने येतो आणि लिहितो:

‘खोजालीत अर्मेनियनांनी ६१३ निरपराधांची निर्घृण कत्तल केली.’

त्याला उत्तर म्हणून दुसरा येतो:

‘खोजालीत काही नागरिक मारले गेल्याचा अझरबैजानचा दावा आहे.’

दोन्ही वाक्यं टिकणार नाहीत. पहिल्यात ‘अर्मेनियनांनी’ म्हणजे एक अख्खा समाज आरोपी केला, ‘निर्घृण’ हा लेखकाचा शेरा आहे, आणि ६१३ हा अझरबैजान सरकारचा अधिकृत आकडा कुणाचा ते न सांगता सत्य म्हणून ठेवला. दुसरं वाक्य जास्त वाईट, कारण ते सभ्य दिसतं. नागरिक मारले गेले ही कुणाचा ‘दावा’ असण्याची गोष्ट नाही. त्रयस्थ संस्थांनी ती नोंदवली आहे. ह्यूमन राइट्स वॉचने या मृत्यूंची थेट जबाबदारी काराबाखच्या अर्मेनियन फौजांवर टाकली आहे. ‘दावा’ हा शब्द घालून लेखकाने चोरपावलांनी शंका पेरली.

आता हे बघा: ‘२५-२६ फेब्रुवारी १९९२ च्या रात्री काराबाखच्या अर्मेनियन फौजांनी खोजाली ताब्यात घेतलं, गाव सोडून जाणारे अझरबैजानी नागरिक मोठ्या संख्येने मारले गेले. अझरबैजान सरकारच्या मते मृतांची संख्या ६१३ होती. किमान २०० जण मारले गेल्याचं सर्वसाधारणपणे मान्य असून हा आकडा ५०० ते १,००० पर्यंत असू शकतो, असं ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवलं.’

वाचायला कोरडं आहे. पण यातला एकही शब्द उलटवायला समोरच्याला कष्ट पडतील. जे सर्वमान्य ते सरळ विधान, जे कुणा एकाचं ते त्याच्या नावाने. दोन्ही बाजू मांडणं म्हणजे अर्धं-अर्धं वाटणं नव्हे. जिथे त्रयस्थ स्रोत एका बाजूला झुकलेले असतील तिथे लेखही तसाच झुकलेला राहील, आणि राहू द्यावा.

मग एक चाचणी करा, ही माझी स्वतःची सवय आहे. तीच वाक्यरचना, तीच क्रियापदं सुमगाइतच्या लेखाला लावून बघा. तिथे मारले गेलेले प्रामुख्याने अर्मेनियन. सोव्हिएत अधिकृत आकडा ३२ मृतांचा, त्यात २६ अर्मेनियन आणि ६ अझरबैजानी. अर्मेनियन बाजू तो आकडा फार कमी मानते. तिथे तुम्ही ‘दावा’ लिहिलं असतं का? तिथे ‘निर्घृण’ लागलं असतं का? उत्तर बदलत असेल तर तुमची लेखणी कुठे कलते ते कळलं. मला एकदा कळलं होतं आणि जरा लाजच वाटली.

विनंती कशी लिहायची

५०० पूर्ण होईपर्यंत आणि नंतरही, वादाच्या लेखात थेट हात घालण्यापेक्षा चर्चा पानावर विनंती टाकणं शहाणपणाचं. विनंती वाचणारा स्वयंसेवक दमलेला असतो, त्याच्यापुढे अशा शंभर असतात. ‘हा लेख एकतर्फी आहे, कृपया दुरुस्त करा’ असं लिहिलंत तर तो दहा सेकंदांत नाकारतो. त्याला हवं असतं: कुठलं वाक्य काढायचं, त्या जागी कुठलं घालायचं, आधार कोणता.

समजा लेखात असं वाक्य आहे की संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९३ मध्ये अर्मेनियाला माघार घेण्याचा आदेश दिला. हे सर्रास लिहिलं जातं. त्या वर्षी परिषदेने चार ठराव केले: ८२२, ८५३, ८७४ आणि ८८४. मूळ मजकूर उघडून वाचलात तर बारकावा दिसतो. मग विनंती अशी:

‘दुसऱ्या परिच्छेदातलं “सुरक्षा परिषदेने अर्मेनियाला माघारीचा आदेश दिला” हे वाक्य बदलून असं करावं: “२९ जुलै १९९३ च्या ठराव ८५३ ने अग्दाममधून ताबा घेतलेल्या फौजांनी पूर्ण माघार घ्यावी अशी मागणी केली आणि अर्मेनिया सरकारने काराबाखमधल्या अर्मेनियनांवर आपलं वजन वापरावं असं आवाहन केलं.” कारण: ठरावात माघारीची मागणी अर्मेनियाचं नाव घेऊन केलेली नाही. आधार: ठरावाचा मजकूर, परिच्छेद क्रमांकासह, आणि त्याचं विश्लेषण करणारा अमुक अभ्यासग्रंथ, पृष्ठ अमुक.’

शेवटची ओळ विसरू नका. ठराव हा मूळ दस्तऐवज झाला. त्याचा अर्थ तुम्ही स्वतः लावलात तर ते ‘मूळ संशोधन’ ठरतं आणि विकिपीडियावर ते बसत नाही. कुणा अभ्यासकाने लावलेला अर्थ सोबत हवा. पृष्ठ क्रमांक द्याच. पृष्ठ क्रमांक दिलेली विनंती नाकारायला वाचणाऱ्याला पुस्तक उघडावं लागतं, आणि एकदा उघडलं की तो बहुतेकदा तुमच्या बाजूने येतो.

स्रोतांची एक ढोबळ उतरंड सांगतो. विद्यापीठीय प्रकाशनांची पुस्तकं आणि तज्ज्ञांनी तपासलेले शोधनिबंध वर. मग आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्था आणि मानवाधिकार संघटनांचे अहवाल. येरेवान (अर्मेनियाची राजधानी) आणि बाकूची सरकारी माध्यमं फक्त ‘सरकार असं म्हणालं’ एवढ्यासाठी. यूट्यूब, टेलिग्राम वगैरे विसरा. युद्धाच्या दिवसांत तर वर्तमानपत्रांच्या बातम्यांवरही आठवडाभर थांबा. २०२० मध्ये तासातासाला बदलणारे मृतांचे आकडे लेखात भरण्यात लोकांनी रात्री घालवल्या आणि त्यातले निम्मे नंतर खोडावे लागले.

आणि लेखाच्या उजवीकडच्या माहितीचौकटीपासून नव्या माणसाने लांब राहावं. ‘निकाल’ या रकान्यात काय लिहायचं, तुर्कस्तानला कुठल्या बाजूला आणि कोणत्या शब्दाने दाखवायचं, असे तिथले वाद सगळ्यात चिवट. दोन शब्दांच्या जागेत बारकावा मावत नाही, म्हणून भांडण मावतं.

उलटवलं तर

पहिली गोष्ट, परत करू नका. संगणकापासून उठा. मग ज्याने उलटवलं त्याचा सारांश (बदलासोबत लिहिलेली कारणाची ओळ) वाचा, आणि लेखाच्या चर्चा पानावर लिहा: ‘हा बदल का उलटवला ते समजून घ्यायचंय, माझा आधार हा.’ माणसाच्या सदस्य चर्चा पानावर जाऊन नाही, लेखाच्या पानावर, म्हणजे बाकीच्यांनाही दिसेल. चार-पाच दिवस द्या. उत्तर आलं नाही तर तसं नोंदवून बदल पुन्हा करता येतो. दोघांतच अडकलं तर तिसरं मत मागायची सोय आहे. प्रश्न एखाद्या स्रोताच्या विश्वासार्हतेचा असेल तर त्यासाठी वेगळा फलक आहे. मोठा पेच असेल तर जाहीर मतं मागवा, ती साधारण ३० दिवस चालतात. प्रश्न होय-नाहीत उत्तर देता येईल असा लिहा. प्रश्नातच वकिली केलीत तर पहिले दहा जण प्रश्नावरच भांडतील.

वागणुकीची तक्रार नेण्याची जागाही आहे, पण नव्याने तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तक्रार करणाऱ्याचीही झडती होते. कैकदा दोघेही विषयबंदी (त्या विषयात लिहायला मनाई) घेऊन घरी जातात.

आणि माणसं जमवू नका. व्हॉट्सअॅपच्या गटावर ‘जरा या पानावर येऊन मत द्या’ असं टाकणं सगळ्यात मोहाचं आणि सगळ्यात घातक. २००९ मध्ये पूर्व युरोपच्या विषयांवर लिहिणाऱ्या काही संपादकांची खासगी ईमेल यादी उघडी पडली. त्यावर ते ठरवून एकमेकांच्या मदतीला धावत होते. लवाद समितीने त्यांच्यावर कारवाई केली. त्यातले काही वर्षानुवर्षं चांगलं काम करणारे लोक होते. दुसऱ्या नावाने डमी खातं काढून स्वतःच्याच मताला ‘सहमत’ म्हणणं, हे तर सांगायलाही नको. तांत्रिक तपासणीत सापडतं.

मराठीत आल्यावर

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, पण असल्या विषयांत आपली अडचण उलटी आहे. तिथे भांडायला गर्दी आहे, इथे भांडायलाही कुणी नाही. लवाद समिती नाही, प्रचालक (देखरेख करणारे सदस्य) मूठभर. म्हणजे तुम्ही अनुवादात जे लिहाल ते वर्षानुवर्षं तसंच राहील आणि शाळेतलं पोर तेच उतरवून नेईल. त्यामुळे जबाबदारी जास्त.

एकदा माझ्या पहाऱ्याच्या सूचीत (ज्या पानांवर नजर ठेवतो त्यांची यादी) एक बदल चमकला. काराबाखवरच्या एका मराठी लेखात कुणीतरी सगळी गावांची नावं बदलली होती आणि शेवटी वाक्य जोडलं होतं: ‘हे शहर मुक्त केले गेले आहे आपल्या वीर सैन्याद्वारे.’ मराठीचा गंध नसलेला कुणीतरी यंत्राकडून भाषांतर करून भाषेमागून भाषा पालथ्या घालत आला होता. सांगकाम्याही (आपोआप संपादन करणारा बॉट) याहून बरं मराठी लिहितो. मी उलटवलं, चर्चा पानावर दोन ओळी मराठीत आणि त्याच इंग्रजीत लिहिल्या, चावडीवर (सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) नोंद ठेवली. उत्तर आलं नाही. महिन्याभराने दुसऱ्या बाजूचा एकजण येऊन तसंच उलट दिशेने करून गेला.

अनुवाद करताना इंग्रजीतली तोललेली वाक्यं आपल्या वर्तमानपत्री मराठीत कशी घसरतात ते बघा. फौजांनी माणसं मारली की आपण ‘कंठस्नान घातलं’ लिहून मोकळे होतो. ‘खात्मा केला’, ‘धूळ चारली’, ‘बळकावलं’, ‘मुसंडी मारली’ हे शब्द हाताशी असतात, बोटं आपोआप तिकडे जातात. ‘फुटीर’, ‘बंडखोर’, ‘अतिरेकी’, ‘स्वातंत्र्यसैनिक’ यातला प्रत्येक शब्द निकाल देऊन बसतो. ‘काराबाखचे अर्मेनियन सैनिक’ लिहा, काम भागतं. ‘हत्याकांड’ आणि ‘वंशसंहार’ यांत कायद्याने जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९१५ च्या ऑटोमन साम्राज्यातल्या घटनांसाठी बहुसंख्य इतिहासकार वंशसंहार म्हणतात, तिथे तो लिहा. खोजालीला अझरबैजान अधिकृतपणे वंशसंहार म्हणतं, तिथे ‘अझरबैजान म्हणतं’ हे जोडून लिहा.

नावांचं लिप्यंतर हा आपला स्वतःचा घोळ. ‘नागोर्नो’ हे रशियन विशेषण, अर्थ डोंगराळ. अर्मेनियन ‘आर्त्साख’ म्हणतात. मी पहिल्या उल्लेखाला दोन्ही नावं देतो, पुढे एकच चालवतो, आणि कोणतं का निवडलं ते चर्चा पानावर लिहून ठेवतो. पुढे कुणी विचारलं तर उत्तर तिथे तयार असतं. मोठा अनुवाद आधी धूळपाटीवर (सरावाच्या कच्च्या पानावर) करा, रात्रभर राहू द्या, सकाळी विशेषणं काढा.

नाव-गाव झाका

खातं टोपणनावाने काढा. सदस्य पानावर शाळा, कंपनी, गल्ली लिहू नका. लॉगइन न करता संपादन करू नका. हे दूरच्या देशांपुरतं आहे असं वाटत असेल तर आठवा: फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदवला होता. मजकूर बरोबर की चूक हा मुद्दा वेगळा. तुमचं नाव कुणाच्या हाती लागू शकतं हा वेगळा. खात्याला दुहेरी पडताळणी लावा. कुणी धमकी दिली तर त्याला उत्तर न देता प्रचालकांना कळवा आणि तो मजकूर जपून ठेवा.

कधी उठायचं

जेवताना मनात वाक्यं तयार होऊ लागली, सकाळी दात घासायच्या आधी सूची तपासली गेली, की ते पान सूचीतून काढून टाका. लेख तुमचा नव्हता, पुढेही कुणीतरी सांभाळेल. मी तसंच केलं आणि जरा शांत काहीतरी लिहावं म्हणून अर्मेनियातल्या सेवान सरोवरावर मराठीत चार ओळी करायला घेतल्या. पाणी, मासे, बेटावरचा (आता द्वीपकल्पावरचा) जुना मठ, एवढंच. इंग्रजी लेखाच्या चर्चा पानावर सहज डोकावलो, तर तिथे सरोवराचं अझरबैजानी नाव ‘गोयचा’ पहिल्या ओळीत असावं की नसावं यावर चाललं होतं. मी चहा टाकायला उठलो.